पत्त्यांचे भाषांतर आणि न सापडलेली नोंद

'भाषांतर' हा शब्द कानी पडला की आपल्या महाविद्यालयात कुणालाही वाङ्मयाचा तास आठवेल. संगणकाच्या शास्त्राने हाच शब्द उचलला आहे. मात्र तेथे भाषांतर होते ते पत्त्यांचे. संगणकावर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम अशा समजुतीत वावरत असतो की सारी स्मृती आपल्या एकट्याच्या मालकीची आहे. तो म्हणतो, पत्ता क्रमांक ४०९६ वरचा आकडा आणा. त्याच सुमारास दुसरा प्रोग्रॅमही ४०९६ च म्हणत असतो. प्रत्यक्ष स्मृतीत मात्र पहिल्याचा आकडा एका जागी असतो आणि दुसऱ्याचा भलत्याच जागी. प्रोग्रॅमला ठाऊक असलेला तो आभासी पत्ता आणि स्मृतीतील खरी जागा तो भौतिक पत्ता. एकाचे दुसऱ्यात रूपांतर सेकंदाला कोट्यवधी वेळा करावे लागते. हे रूपांतर हाताशी तयार नसते तेव्हा कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, काय करतो हे येथे पाहावयाचे आहे.

या कल्पनेचे मूळ मँचेस्टर विद्यापीठात सापडते. टॉम किलबर्न यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे तयार झालेला ॲटलास हा संगणक १९६२ मध्ये सुरू झाला. त्याची वेगवान स्मृती १६,३८४ शब्दांची होती आणि फिरत्या ड्रमवरची संथ स्मृती ९८,३०४ शब्दांची. दोन्ही मिळून एकच सलग स्मृती आहे असे प्रोग्रॅमला भासवायचे, हा किलबर्न यांचा डाव. त्यासाठी स्मृतीची ५१२ शब्दांची पाने पाडली. वेगवान स्मृतीत अशी ३२ पाने मावत, म्हणून रजिस्टरेही ३२ च. मागितलेला पानक्रमांक बत्तीसही रजिस्टरांशी एकाच वेळी ताडून पाहिला जाई. जुळला तर काम पुढे चाले. न जुळला तर चालू प्रोग्रॅम थांबवून देखरेख करणारा प्रोग्रॅम ते पान ड्रमवरून आणवी.

पुढे स्मृती वाढली आणि दर पानामागे एक रजिस्टर ही चैन परवडेना. आज एक गिगाबाइट म्हणजे ४ किलोबाइटची २,६२,१४४ पाने होतात. तेव्हा पानांचा तक्ता स्मृतीतच ठेवणे आले. पण मग एक आकडा वाचण्यापूर्वी तो कुठे आहे हे पाहण्यासाठी आणखी एक-दोन वेळा स्मृतीकडेच जायचे! म्हणून नुकत्याच झालेल्या भाषांतरांची एक छोटी वही प्रोसेसरच्या आतच ठेवतात. तिला ट्रान्स्लेशन लुकअसाइड बफर, थोडक्यात टीएलबी, म्हणतात. परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालयाच्या काउंटरवरील गृहस्थ ठराविक दहा-बारा पुस्तकांच्या जागा तोंडपाठ ठेवतात, दर वेळी कार्डांचे खण उघडत बसत नाहीत. तसाच हा प्रकार. प्रोग्रॅमही तीच ती पाने पुन्हा पुन्हा मागतो, म्हणून वही लहान असूनही पुरते.

वहीत नोंद नसेल तर? येथे दोन पंथ पडतात. १९८५ च्या इंटेल ८०३८६ या प्रोसेसरात यंत्रच तक्त्याकडे जाते. तक्ता दोन पातळ्यांचा असल्यामुळे ते स्मृती दोनदा वाचते, नोंद उतरवून घेते, आणि कर्नलला याचा पत्ताही लागत नाही. १९८६ मध्ये आलेल्या मिप्स आर-२००० ने उलट वाट धरली. त्याच्या वहीत ६४ घरे होती. नोंद न सापडल्यास यंत्र नुसते थांबे आणि कर्नलच्या एका ठराविक जागी उडी घेई. बाकी सारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर. शिकण्यासाठी हा दुसरा पंथच बरा, कारण पहिल्यात जे यंत्राच्या पोटात झाकलेले असते ते येथे उघड्यावर मांडलेले दिसते.

हे काम करणारा कर्नलचा तुकडा साधारण नऊ आज्ञांचा असतो, पण त्या नऊ आज्ञांत किती अडचणी सोडवल्या आहेत पाहा. पहिली अडचण अशी की हा तुकडाही स्मृतीतच राहतो. मग त्याच्या पत्त्याचे भाषांतर कोण करणार? यासाठी पत्त्यांचा एक पट्टा भाषांतरातून मुळातच वगळलेला असतो. तेथे वरचे अंक गाळले की भौतिक पत्ता मिळतो, आणि हा तुकडा त्याच पट्ट्याच्या अगदी आरंभी बसवलेला असतो. दुसरी अडचण रजिस्टरांची. थांबलेल्या प्रोग्रॅमची रजिस्टरे अर्धवट कामाने भरलेली असतात आणि ती बाजूला काढून ठेवण्यास वेळ नसतो. म्हणून ३२ रजिस्टरांपैकी दोन कर्नलसाठी कायमची राखून ठेवण्याचा संकेत आहे. तिसरी अडचण तक्त्यातील नेमकी ओळ शोधण्याची. ती यंत्रच थोडी हलकी करते: त्या ओळीचा पत्ता एका खास रजिस्टरात तयार मिळतो आणि एका वाचनात नोंद हाती येते. ती वहीत कुठे लिहायची? कोणत्याही एका घरात! चिठ्ठी टाकावी तसा क्रमांक यंत्र पुरवते. फक्त पहिली आठ घरे तेवढी या सोडतीतून वगळलेली असतात.

आता खरी मौज. प्रत्येक प्रोग्रॅमला दोन गिगाबाइट पत्त्यांची मुभा होती. म्हणजे ५,२४,२८८ पाने, आणि दर पानामागे चार बाइट धरल्यास एकेका प्रोग्रॅमचा तक्ताच दोन मेगाबाइटचा. १९८६ साली एवढी भौतिक स्मृती नुसत्या तक्त्यांना कोण देणार? म्हणून तक्ताही आभासी पत्त्यांवर ठेवतात. परिणाम असा की न सापडलेली नोंद आणण्यासाठी केलेल्या वाचनाचीच नोंद वहीत नसू शकते! अशा वेळी दुसरा व्यत्यय येतो आणि परतीचा पत्ता ठेवण्याच्या रजिस्टरात नवा पत्ता लिहिला जातो. म्हणून हे धोक्याचे वाचन करण्यापूर्वीच मूळ परतीचा पत्ता राखीव रजिस्टरात उतरवून ठेवलेला असतो. तो क्रम चुकला तर थांबलेल्या प्रोग्रॅमकडे परतण्याची वाटच बुजते.

आणखी एक गोष्ट मला विशेष मार्मिक वाटते. आणलेली नोंद खरी की पोकळ, हे हा तुकडा तपासतच नाही. पान स्मृतीत नसले तरी 'अवैध' असा शिक्का असलेली नोंद तो तशीच वहीत लिहून मोकळा होतो. थांबलेली आज्ञा पुन्हा चालते, या वेळी नोंद सापडते पण अवैध ठरते, आणि मग वेगळ्या, संथ दाराने कर्नलकडे तक्रार जाते. क्वचित घडणाऱ्या गोष्टीचा भुर्दंड नित्याच्या कामावर पडू नये, म्हणून ही योजना.

आजचे बहुतेक मोठे प्रोसेसर इंटेलच्याच वाटेने जातात. ते एकाच वेळी अनेक आज्ञा अर्ध्यावर चालवत असतात, त्यामुळे मध्येच सारे थांबवून कर्नलला हाक मारणे फार महाग पडते. म्हणजे कर्नलची सुटका झाली असे मात्र नव्हे. वही भरणे यंत्राकडे गेले, तरी शिळी नोंद खोडणे बव्हंशी त्याच्याकडेच राहिले, आणि जोखीम खरी तेथेच आहे. एखादे पान एका प्रोग्रॅमकडून काढून दुसऱ्याला दिले, पण जुनी नोंद वहीत राहून गेली, तर पहिला प्रोग्रॅम दुसऱ्याची खासगी माहिती वाचू शकतो, नव्हे त्यात ढवळाढवळही करू शकतो. अनेक प्रोसेसर असतील तर प्रत्येकाची वही वेगळी. मग पान काढणाऱ्या प्रोसेसरला इतरांना निरोप धाडावा लागतो, आणि सर्वांनी नोंद खोडल्याचे कळेपर्यंत ते पान कुणाला देता येत नाही.

प्रोग्रॅम बदलला की सारी वही पुसणे हा सोपा उपाय, पण पुढे प्रत्येक नोंद नव्याने आणावी लागते. मिप्सने प्रत्येक नोंदीला मालकाचा क्रमांक जोडून हे टाळले. तो सहा बिटांचा, म्हणजे ६४ च क्रमांक. ते संपले की वही एकदा पुसून पुन्हा आरंभ करावयाचा. अशा क्रमांकांची सोय इंटेलच्या प्रोसेसरांत २०१० मध्ये आली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा दोष जाहीर झाला आणि कर्नलचा तक्ता प्रोग्रॅमच्या तक्त्यापासून वेगळा करावा लागला. त्यामुळे कर्नलकडे जाताना व परतताना दर वेळी तक्ता बदलणे आले. क्रमांकांची सोय नसलेल्या जुन्या यंत्रांना प्रत्येक फेरीत वही पुसावी लागली व ती ठळकपणे मंदावली. लिनक्सने ही सोय वापरण्यास सुरुवात केली होती ती नोव्हेंबर २०१७ च्या आवृत्तीत, म्हणजे जेमतेम दोन महिने आधी.