आजाऱ्यापुढे मरणाची स्तुती नको



पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. पण अंथरुणाला खिळलेला आपलाच माणूस “मला सोडवा” म्हणाला, तर हे शील कसे पाळावे?

विनयपिटकात प्रसंग आहे. काही भिक्खूंचा एका आजारी उपासकाच्या पत्नीवर डोळा होता. त्यांनी त्याच्यापुढे मरणाची स्तुती केली. त्याने पथ्य सोडले व तो मेला. तेव्हापासून मरणाची स्तुती करून मृत्यूस प्रवृत्त करणे हाही संघाबाहेर काढण्याजोगा अपराध ठरला. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तर तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः स्नान घातले.

परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शुद्ध हरपून पडून होत्या. त्यांचे अन्न थांबवावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळली. त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिकांचाही त्या मागणीस विरोध होता. अरुणाताई २०१५ साली न्यूमोनियाने वारल्या. २०१८ साली न्यायालयाने बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवण्याचा व तशी इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. औषध टोचून मारण्यास मात्र परवानगी नाही.

उपचार निष्फळ ठरणे वेगळे आणि उपचार मिळालेच नाहीत म्हणून मरण मागणे वेगळे. अपंग किंवा आजारी माणूस “मी ओझे झालो” म्हणतो तेव्हा घराने स्वतःस विचारावे: वेदनेवर औषध मिळाले का? सरकारी दवाखान्यात नेले का? त्याची सेवा एकट्या सुनेवरच पडली आहे का? ही उत्तरे मिळेपर्यंत त्याच्यापुढे मरणाची भाषा कोणीही काढू नये.