प्रकार : जाती की अवस्था?
युंगचे व्यक्तिप्रकार, अधिकारी-मार्गदर्शन आणि संस्कृत नायकविचार

१

'कोचिंग' हा शब्द मराठीत रुळला तो परीक्षार्थींच्या शिकवणी-वर्गांमुळे. व्यवस्थापनाच्या क्षेत्रात मात्र 'एक्झिक्युटिव्ह कोचिंग' या संज्ञेने एक निराळाच व्यवहार अभिप्रेत असतो. संस्थेतील वरिष्ठ अधिकारी आणि त्याचा मार्गदर्शक यांच्यात काही महिने चालणारा खाजगी संवाद, असे त्याचे स्वरूप असते. या व्यवहाराला येथे अधिकारी-मार्गदर्शन असे म्हटले आहे. अशा संवादाच्या आरंभी पुष्कळदा एखादी व्यक्तिमत्त्वचाचणी घेतली जाते. तिच्यातून अधिकाऱ्याचा 'प्रकार' ठरतो आणि पुढील चर्चा त्या प्रकाराच्या परिभाषेत चालते. या चाचण्यांपैकी सर्वांत परिचित अशा मायर्स-ब्रिग्ज चाचणीची परिभाषा कार्ल गुस्ताव्ह युंग याच्या १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यक्तिप्रकारांवरील ग्रंथातून आली आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या व्यवहाराची दखल का घ्यावी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, युंगचा हा ग्रंथ फार मोठ्या प्रमाणात वाङ्मयाच्या वाचनावर उभा आहे आणि चाचणीपर्यंतच्या प्रवासात नेमका तोच भाग गळून पडला आहे. दुसरे असे की, माणसाचा प्रकार ही त्याची अचल जाती मानावी की पालटणारी अवस्था, हा या व्यवहाराच्या मुळाशी असलेला प्रश्न भारतीय काव्यशास्त्राला अपरिचित नाही.

२

युंगने प्रथम दोन वृत्ती मानल्या : अंतर्मुख आणि बहिर्मुख. त्यांच्या जोडीला विचार, भावना, संवेदन आणि अंतःप्रज्ञा हे चार मनोव्यापार त्याने सांगितले. भावना म्हणजे येथे मनाचा उमाळा नव्हे. एखाद्या गोष्टीचे मोल ठरविण्याची शक्ती, असा तिचा अर्थ आहे. दोन वृत्ती आणि चार व्यापार यांच्या संयोगाने आठ प्रकार होतात. तथापि, या वर्गीकरणात युंगच्या सिद्धांताचे मर्म नाही. जो व्यापार जाणिवेत प्रबळ होतो त्याचा विरोधी व्यापार अविकसित राहतो, अबोध मनात ढकलला जातो आणि तेथून आडमार्गाने आपला अंमल गाजवितो, हे त्याचे मुख्य प्रतिपादन आहे. म्हणजे प्रकार हे नाव माणसाच्या बलस्थानाचे तसेच त्याच्या एकांगीपणाचेही असते.

आठ प्रकारांचे सुबोध वर्णन ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात येते. तत्पूर्वीचा मोठा भाग धर्म, तत्त्वज्ञान आणि काव्य यांच्या परामर्शाने व्यापला आहे. दुसरे प्रकरण शिलरच्या विचारांवर असून पाचवे स्विस कवी कार्ल श्पिटेलर याच्या 'प्रोमेथ्यूस आणि एपिमेथ्यूस' या कृतीवर आहे. याच पाचव्या प्रकरणात युंग उपनिषदांकडे आणि गीतेकडे वळतो, आणि विरोधांच्या पलीकडे जाण्याच्या संदर्भात 'निर्द्वंद्व' या कल्पनेचा विचार करतो.

१९३४ मध्ये अर्जेंटिनातील आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत युंगने माणसांना चिठ्ठ्या चिकटविण्याच्या हौसेविषयी स्पष्ट नापसंती व्यक्त केली. ज्याला ग्रंथ खरोखर समजून घ्यावयाचा आहे त्याने प्रथम दुसऱ्या आणि पाचव्या प्रकरणात बुडून जावे, असा सल्लाही त्याने दिला. वाचकांनी दहाव्या प्रकरणाकडे थेट धाव घेऊ नये, ही त्यामागील इच्छा उघड आहे.

३

इतिहास मात्र दहाव्या प्रकरणाच्या बाजूने घडला. अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज या चरित्रग्रंथांच्या वाचनातून स्वभावांचे स्वतःचे वर्गीकरण रचीत होत्या. १९२३ मध्ये युंगच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद निघाला, तेव्हा त्यांनी आपली मांडणी त्याच्याशी जुळवून घेतली. त्यांच्या कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांची 'मर्डर येट टु कम' ही रहस्यकादंबरी १९३० मध्ये प्रसिद्ध झाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी प्रश्नावली रचावयास घेतली. तीत त्यांनी चौथी जोडी घातली आणि आठ प्रकारांचे सोळा झाले. ही चाचणी १९६२ मध्ये संशोधनासाठी प्रसिद्ध झाली; १९७५ नंतर नव्या प्रकाशकाकडे गेल्यावर तिचा प्रसार झपाट्याने वाढला.

मायर्स यांचा हेतू उदार होता. भिन्न प्रकृतीच्या माणसांनी परस्परांचे वेगळेपण हा दोष न मानता देणगी मानावी, हे त्यांच्या १९८० च्या 'गिफ्ट्स डिफरिंग' या ग्रंथाचे सूत्र आहे. अव्यक्त राहिलेल्या व्यापारांचाही त्यांना विसर पडलेला नव्हता. तरीही चाचणीचे फलित चार अक्षरांत येते आणि कार्यालयात फिरतात ती ही अक्षरेच. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांनी १९८९ मध्ये या चाचणीची पंचघटक सिद्धांताच्या दृष्टीने तपासणी केली. तिच्या चार मापांचा पाचांपैकी चार घटकांशी संबंध त्यांना आढळला. परंतु माणसांचे एकमेकांहून तुटक असे प्रकार असतात, या गृहीताला मात्र आधार मिळाला नाही. उंची किंवा वजन यांप्रमाणे हे गुण कमीअधिक प्रमाणात असतात आणि बरीच माणसे मध्याजवळ असतात. मध्यावर रेघ ओढली की तिच्या अलीकडचा 'विचारप्रधान' आणि पलीकडचा 'भावनाप्रधान' ठरतो. याच कारणाने काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा घेतल्यास अनेकांचे एखादे अक्षर बदलते. नोकरभरतीसाठी तिचा उपयोग करू नये, असे तिचे प्रकाशकही सांगतात.

मोजमापाच्या या दोषाहून नैतिक दोष अधिक गंभीर आहे. हाताखालच्या माणसांना तोडून बोलणारा एखादा विभागप्रमुख कल्पावा. आपण विचारप्रधान असल्याचे चाचणीने सांगितल्यावर 'माझा स्वभावच तसा' असे म्हणण्यास त्याला शास्त्राचा आधार मिळतो. जो शब्द चौकशीचा आरंभ व्हावयाचा तो सबबीचा शेवट होतो. युंगच्या दृष्टीने खरा प्रश्न येथून पुढचा आहे : या माणसाने मोल ठरविण्याची शक्ती कोठे टाकून दिली, आणि ती आता कोणत्या रूपाने त्याच्यावर सूड घेत आहे?

४

श्पिटेलरची कथा या ठिकाणी मार्मिक ठरते. देवदूत प्रोमेथ्यूसला राज्य देऊ करतो. अट एवढीच, की त्याने आपल्या आत्म्याचा त्याग करून देवदूताने दिलेली सदसद्विवेकबुद्धी स्वीकारावी. प्रोमेथ्यूस नकार देतो आणि एकांतात, विपन्नावस्थेत राहतो. त्याचा भाऊ एपिमेथ्यूस अट मान्य करून राजा होतो. त्याचा कारभार बराच काळ सुरळीत चालतो. पुढे पँडोराचे अमूल्य रत्न त्याच्यासमोर येते, तेव्हा मात्र ती उसनी सदसद्विवेकबुद्धी त्याचे मोल ओळखू शकत नाही. रत्न हातचे जाते. नंतर संकट आले असता राजा निष्प्रभ ठरतो आणि उपेक्षित भावालाच धावून यावे लागते.

युंग एका भावाला अंतर्मुख आणि दुसऱ्याला बहिर्मुख मानतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. दोघेही अपुरे आहेत आणि दोघे मिळून एकच मन होते, असे त्याचे वाचन सांगते. अधिकारपदावरील माणसाचे याहून अचूक चित्र चाचणीच्या अहवालात सापडणे कठीण आहे. पद मिळविताना काय गहाण पडले आणि उसन्या निकषांमुळे कोणते रत्न ओळखता आले नाही, हे प्रश्न कथेतून उभे राहतात. चार अक्षरांतून ते उभे राहत नाहीत, कारण त्या अक्षरांत दुसऱ्या भावाला जागाच नाही.

५

भारतीय काव्यशास्त्रानेही माणसांचे, निदान नायकांचे, प्रकार केले आहेत. दहाव्या शतकातील धनंजयाच्या 'दशरूपका'त धीरललित, धीरशांत, धीरोदात्त आणि धीरोद्धत असे चार भेद येतात. त्यावरील 'अवलोक' टीकेत धनिकाने केलेले विवेचन प्रस्तुत संदर्भात विलक्षण महत्त्वाचे आहे. त्याच्या मते ही नावे जातिवाचक नसून अवस्थावाचक आहेत. वासरू, बैल, महोक्ष हे शब्द जसे एकाच प्राण्याच्या निरनिराळ्या अवस्था सांगतात, तसेच हे. उदात्तत्व किंवा उद्धतत्व ही जाती असती तर ती कधीच सुटली नसती, आणि थोर कवींनी एकाच व्यक्तीची परस्परविरोधी रूपे रंगविली ती असंगत ठरली असती. उदाहरण म्हणून तो भवभूतीचा परशुराम पुढे करतो.

धनिकाने या नियमाला एक मर्यादाही घातली आहे. गौण नायकाची अवस्था पालटू शकते. परंतु रामासारख्या प्रधान नायकाने आरंभी घेतलेली अवस्था त्याच प्रबंधात सोडणे अयोग्य होय. कपटाने केलेला वालिवध उदात्त रामाला शोभत नाही, तो यामुळे. ही मर्यादा वरील सिद्धांताला बाधक वाटेल, पण तशी ती नाही. नायकाची एकरूपता ही येथे त्याच्या प्रकृतीची गरज नसून प्रबंधाची गरज आहे. रचना टिकावी म्हणून मध्यवर्ती पात्राने स्थिर राहावयाचे असते.

संस्था हाही या अर्थाने एक प्रबंध असतो. तिच्या प्रमुखाने सदैव एकाच अवस्थेत दिसावे, अशी तिची अपेक्षा असते. युंगने नटाच्या मुखवट्यावरून जिला 'पर्सोना' असे नाव दिले ती ही बाजू होय. आपली स्थिरता संस्थेने मागितलेली आहे, ती आपली जाती नव्हे, हे ज्या अधिकाऱ्याला उमगत नाही तो मुखवट्यालाच चेहरा समजतो. मार्गदर्शनाच्या बंद दालनात ही मागणी तासाभरापुरती स्थगित होऊ शकते. किंबहुना त्या दालनाचे प्रयोजनच ते आहे. अशा वेळी मार्गदर्शकाने त्याच्या हाती चार अक्षरे ठेवली, तर मुखवटा अधिकच घट्ट बसतो.

६

यावरून प्रकारांची भाषाच टाकून द्यावी, असा निष्कर्ष निघत नाही. स्वतःविषयी बोलण्याची सवय नसलेल्या माणसाला ती पहिला शब्द पुरविते, आणि पहिल्या शब्दाचे महत्त्व मोठे असते. मात्र तो शब्द अवस्थेचा आहे, जातीचा नव्हे, याचे भान मार्गदर्शकाला हवे. तसेच, अबोध मनाचा वेध घेणारी पद्धती हाताळताना आपण चिकित्सक नसून मार्गदर्शक आहोत, ही सीमाही त्याने ओळखली पाहिजे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला यातून घेण्याजोगा बोध वेगळा आहे. एखादे पात्र 'अंतर्मुख' किंवा 'धीरोदात्त' असल्याचे सांगून व्यक्तिरेखेचे विवेचन संपविण्याची सवय आपल्या समीक्षेलाही आहे. कार्यालयातील चिठ्ठी आणि समीक्षेतील चिठ्ठी यांत तत्त्वतः अंतर नाही. फरक असलाच तर तो परिणामाचा : ग्रंथातील पात्र नव्या वाचनाने त्या चिठ्ठीतून सुटू शकते, नोकरीतील माणसाला तशी संधी प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही.