विल्यम कॅरे : व्याकरण आणि शेजारची खोली

इंग्लंडात जोडे शिवणारा विल्यम कॅरे पुढे बॅप्टिस्ट पाद्री झाला व १७९३ साली बंगालात आला. महाराष्ट्र त्याने कधी पाहिला नाही. तरीही पंडित वैजनाथांच्या साहाय्याने त्याने मराठीचे व्याकरण रचले. कलकत्त्याजवळील सेरामपूरच्या छापखान्यातून ते १८०५ मध्ये, तर मोडी लिपीतील कोश १८१० मध्ये निघाला. त्याच्या चिकाटीचे मला कौतुक आहेच.

पण त्याची पत्नी डोरोथी? ती प्रथम यायलाच तयार नव्हती. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर वारला, पुढे तिच्या मनाचा तोल गेला आणि १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो सावरला नाही. कॅरे मराठीची विभक्तिरूपे मांडीत होता, तेव्हा ती शेजारच्याच खोलीत कोंडलेली असे.