पेल्टियरचा छोटा फ्रिज गार होत नाही? खर्च मागच्या बाजूवर करा

गाडीत किंवा पलंगाशेजारी ठेवायचा छोटा फ्रिज उन्हाळ्यात गार होईनासा झाला, की दुरुस्तीवाला बहुधा दुसरी पेल्टियर प्लेट बसवायला सांगतो. ऐकू नका. टीईसी१-१२७०६ ही नेहमीची प्लेट दीडशे ते तीनशे रुपयांना मिळते, पण दुखणं तिच्यात क्वचितच असतं.

४ सेंटिमीटरची ही चौकोनी प्लेट १२ व्होल्टवर ५० ते ६० वॉट वीज खाते. आतून उपसलेली उष्णता आणि ही वीज, दोन्ही मागच्या हीटसिंकमधूनच बाहेर पडतात. तो हाताला चटका देत असेल, तर आतली बाजू गार होणार कशी? दुसरी प्लेट लावली की त्याच हीटसिंकवर जवळपास दुप्पट भार पडतो.

म्हणून पहिले पैसे तिथे घाला. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसतो तसा हीट पाइपचा कूलर पंख्यासकट ८०० ते १५०० रुपयांना पडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत चौकशी करा. थर्मल पेस्टचे १०० ते ३०० रुपये. जुनी वाळलेली पेस्ट पूर्ण पुसून नवीचा अगदी पातळ थर द्या. स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच कोपरा आधी दाबला तर प्लेट तडकते. स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर हवेतच, नाहीतर मागची उष्णता स्क्रूमधून परत आत शिरते. प्लेटच्या कडा सिलिकॉनने बंद करा, ओल आत गेली की प्लेट गंजते. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा. सहज निसटला तर रबर आणि फोमसाठी आणखी शंभर-दोनशे धरा.

यापुढचा उपाय फार कमी लोक करतात: प्लेटचा व्होल्टेज ८-९ वर आणणं. करंट निम्मा केला की प्लेटच्या आत तयार होणारी उष्णता चौथाईवर येते, गारवा मात्र तेवढा घटत नाही. व्होल्टेज उतरवणारा, ५ अँपिअर पेलणारा बक कन्व्हर्टर दीडशे ते तीनशेला मिळतो. पंखा मात्र १२ व्होल्टवरच ठेवा.

सगळं मिळून साडेअकराशे ते तेवीसशे रुपये. डबाच तीन हजारांचा असेल तर आधी पेस्ट, रबर आणि व्होल्टेज एवढंच करून पाहा.

विजेचाही हिशेब मांडा. ६० वॉट दिवसरात्र चालले तर महिन्याला सुमारे ४३ युनिट, म्हणजे ८ रुपये दराने जवळपास ३४५ रुपये. वर्षाचे पाचशेच्या वर युनिट झाले. घरचा १९० लिटरचा साधा फ्रिज त्याहून बराच कमी घेतो.

शिवाय हे डबे बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जातात. नागपुरात पारा ४४ वर असेल तर आत २४ च्या वरच. पाण्याच्या बाटलीला ते चालेल. पण औषधांना नाही: न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावं लागतं. ते घरच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरपासून लांब.