धर्मांतर : कारण आणि किंमत

(एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २)

मनुष्य जन्माला येतो तो कोणत्या ना कोणत्या धर्मात. आईवडील, गाव आणि भाषा जशी न मागता मिळते तसाच धर्मही न मागता मिळतो. बहुतेक माणसे तो जन्मभर सांभाळतात आणि त्याविषयी वेगळा विचार करण्याची गरज त्यांना पडत नाही. काही माणसे मात्र असा मिळालेला धर्म सोडतात. ती का सोडतात, या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. मागील वर्षी आम्ही चार-पाच मुली ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर प्रवेशाचा अर्ज भरीत बसलो होतो. धर्माच्या रकान्यात मी 'बौद्ध' असे लिहिले. शेजारच्या मैत्रिणीने ते वाचले आणि सहज विचारले, "तुम्ही लोकांनी धर्म का सोडला गं? सवलतींसाठीच ना?" तिच्या मनात वाईट काही नव्हते. जे कानावर पडले होते ते तिने बोलून दाखविले. पण मला उत्तर देता आले नाही. १४ ऑक्टोबर ही तारीख मला पाठ होती, बावीस प्रतिज्ञा येत होत्या, बाबासाहेबांची तसबीर घरात रोज डोळ्यांसमोर होती. परंतु 'का' याचे उत्तर मी कधी शोधलेच नव्हते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. घरात लिहून ठेवलेला एक कागद नाही. म्हणून मी दोन ठिकाणी उत्तर शोधले. एक आमचे ग्रंथालय आणि दुसरी माझी आजी.

ज्यांनी कारण लिहून ठेवले

धर्म सोडला आणि तो का सोडला हे सांगितलेही, अशी माणसे मराठीत थोडी नाहीत. पंडिता रमाबाईंचे उदाहरण प्रथम घेऊ. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्या काळी त्यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे करीत, पुराणे सांगत भारतभर फिरले. पुढे दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेली. इतकी तीर्थे केली, इतकी व्रते केली, त्याचे फळ हेच काय, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात होता. नंतर धर्मशास्त्रे वाचताना स्त्रियांना आणि शूद्रांना तेथे कोठे बसविले आहे हे त्यांना दिसले.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथील जोगिणी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करतात हे त्यांनी पाहिले. शोमरोनी स्त्रीची बायबलातील कथाही त्यांच्या मनात ठसली. ज्या जातीशी यहुदी लोक व्यवहार ठेवीत नसत, त्या जातीच्या एका बाईजवळ येशू विहिरीवर पाणी मागतो, अशी ती कथा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे जुन्या धर्मात अनुत्तरित राहिलेला प्रश्न, डोळ्यांनी पाहिलेले काम आणि मनाला भिडलेली एक कथा अशी तिहेरी कारणे येथे दिसतात. विशेष म्हणजे नव्या धर्मात गेल्यावरही त्यांनी प्रश्न विचारणे थांबविले नाही. चर्चच्या अधिकाऱ्यांशीही त्या वाद घालीत राहिल्या.

दुसरे उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांचे. त्याचा आपल्या विदर्भाशी संबंध आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी 'नवा करार' वाचावयास दिला. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचून टिळक भारावून गेले. तथापि ते दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती झाले नाहीत. मध्ये सुमारे दोन वर्षे गेली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि लक्ष्मीबाई? त्यांना कोणी विचारले नव्हते. पतीने धर्म बदलला आणि एका रात्रीत त्यांचा संसार मोडला. प्रथम त्या वेगळ्या राहिल्या, पुढे टिळकांबरोबर राहू लागल्या तरी सोवळेओवळे त्यांनी सोडले नाही. हळूहळू जातिभेद मनातून गेला आणि १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण मधूनमधून हसतो, परंतु त्यामागे एका बाईने स्वतःच्या पायांनी चाललेली पाच वर्षांची वाट आहे. नवऱ्याचे कारण तिने उसने घेतले नाही. तिला तिचे कारण सापडेपर्यंत ती थांबली.

एकवीस वर्षांचा विचार

वरील उदाहरणे एकेकट्या व्यक्तींची आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे धर्मांतर लाखो लोकांसह झाले. म्हणून ते केवळ सामाजिक किंवा राजकीय होते असे काहींना वाटते. परंतु त्यामागचा क्रम पाहिला म्हणजे हे मत टिकत नाही.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला. तोपर्यंत प्रयत्न होता तो हिंदू समाजात राहूनच माणूस म्हणून जगण्याचा. दार उघडत नाही असे पाहिल्यावर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे त्यांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पुढल्या वर्षी मे महिन्यात मुंबईच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची कारणे सविस्तर मांडली. 'मुक्ती कोन पथे?' या नावाने ते भाषण प्रसिद्ध आहे. धर्मांतराकडे ऐहिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

येवल्याच्या घोषणेपासून नागपूरच्या दीक्षेपर्यंत एकवीस वर्षे गेली. इतक्या काळात त्यांनी निरनिराळे धर्म पारखले. शेवटी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग स्वतः जमलेल्या लोकांना दिली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचे निर्वाण झाले. मागे राहिलेल्या लोकांना पुढची वाट त्यांच्याशिवाय चालावी लागली.

आजीचे सांगणे

त्या मैदानावर माझ्या आजीचे वडील होते. आजी त्यावेळी सात-आठ वर्षांची असेल. वय कोणी मांडून ठेवलेले नाही. तिचे माहेर मंगरूळपीर तालुक्यातले. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याकाळी हा सारा भाग अकोला जिल्ह्यात होता आणि राज्य मध्यप्रदेश होते. पणजोबा वस्तीतल्या पाच-सात माणसांबरोबर कारंज्यापर्यंत पायी गेले. तेथून छोट्या गाडीने मूर्तिजापूर आणि पुढे मोठ्या गाडीने नागपूर.

"तिकिटाले पैसे कुठचे? मायच्या हातातलं चांदीचं कडं इकलं. धोतर तेवढं पांढरंफेक धुऊन घेतलं," आजी सांगते.

मी विचारले, "पण आजी, ते गेले कशासाठी?"

आजी बराच वेळ तांदूळ निवडीत राहिली. मग म्हणाली, "माहा लहाना भाऊ तापानं फणफणला व्हता. घरात पान्याचा थेंब नाही. बाप विहिरीपाशी गागर घेऊन उभा राह्यला. आपल्या हातानं काढता येत नोतं न माय! कोनी येईन, वरून वाढीन, तवा पानी. उन्हं डोक्यावर आली तवा एक जन आला. भाऊ वाचला. पन बापाच्या मनातून ते उभं राहनं काही गेलं नाही."

पुस्तकात मला जे 'सामाजिक कारण' म्हणून भेटले होते, ते आमच्या घरात एका माणसाचे एका दुपारचे उभे राहणे होते. नागपूरला जमलेल्या लाखो लोकांतील प्रत्येकाजवळ अशी एखादी दुपार असेल. सर्वांचे कारण एक होते म्हणून ते वैयक्तिक नव्हते, असे म्हणता येणार नाही.

परत आल्यावर पणजोबांनी मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडले. त्याबरोबर सुगीत मिळणारे धान्यही गेले. गावात मजुरी मिळेना, म्हणून दूरच्या गावी कामाला जावे लागले. घरातले देव त्यांनी नदीत सोडावयास सांगितले. पणजीने सोडले, परंतु सगळे नाही. मरीआईचा एक टाक तिने कणगीत, ज्वारीच्या खाली लपवून ठेवला. घरात लहान लेकरे होती. देवी कोपली तर काय, ही भीती तिला होती. अशी सुमारे दोन वर्षे गेली. एके दिवशी तिने स्वतःच तो टाक काढला आणि अडाण नदीत सोडून आली. आजी तिच्याबरोबर होती. का सोडला, असे तिने आईला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "ज्या देवीनं आपल्याले कदी विहिरीचं पानी देल्लं नाही, तिले आपुन काऊन लपवून ठेवाव?"

हे ऐकताना मला लक्ष्मीबाईंची आठवण झाली. एक कोकणस्थ ब्राह्मण घरातील आणि दुसरी गावकुसाबाहेरची. दोघींची कधी गाठ पडणे शक्य नव्हते. परंतु दोघींच्या घरातील पुरुषाने धर्म आधी बदलला, आणि दोघींनीही आपले कारण आपल्या वेळेने शोधले. फरक एवढाच की, एकीने लिहिले आणि दुसरीला अक्षर येत नव्हते.

सवलतींचा हिशेब

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे वळू. १९५० सालच्या अनुसूचित जातींच्या आदेशाप्रमाणे, काही शीख जाती वगळता, हिंदू धर्माबाहेरील व्यक्तीला अनुसूचित जातीत गणले जात नव्हते. म्हणजे १९५६ मध्ये जो बौद्ध झाला त्याला केंद्राच्या सवलती मिळाल्या नाहीत. होत्या त्या गेल्या. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे होतात. माझे पणजोबा त्याआधीच वारले. सवलतींसाठी धर्म सोडावयाचा असता तर तो न सोडणे हाच फायद्याचा मार्ग होता.

रमाबाईंनी स्वकीयांचा रोष पत्करला, टिळकांचा संसार पाच वर्षे विस्कटला, पणजोबांची सुगी गेली. मनापासून धर्म सोडणाऱ्याला काही मिळण्याच्या आधी बरेच द्यावे लागते. म्हणून कोणी धर्म का सोडला हे समजून घ्यावयाचे असेल, तर त्याला काय मिळाले यापेक्षा त्याने काय दिले हे आधी विचारावे, असे मला वाटते.

माझे उत्तर

हे सारे मी त्या मैत्रिणीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुझ्या पणजोबांचे कारण समजले. पण तू बौद्ध का?"

या प्रश्नाने मी पुन्हा निरुत्तर झाले. खरे सांगावयाचे तर मी बौद्ध आहे, कारण मी त्या घरात जन्मले. तिला तिचा धर्म जसा न मागता मिळाला तसा मला माझा. पणजोबांनी निवडला, पणजीने दोन वर्षे थांबून निवडला. मला तो वारशात मिळाला. माझ्या वाट्याला ती विहीर आली नाही. घरात नळ आहे आणि मी पाणी स्वतःच्या हाताने घेते.

मात्र भगवान बुद्धांनी कालाम लोकांना दिलेला उपदेश मी याच काळात वाचला. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतात म्हणून काही मान्य करू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय आहे. तेव्हा वारशाने मिळालेला धम्म पारखून घेण्याची मुभा तो धम्मच मला देतो. ते काम मी अजून पुरे केलेले नाही. पुढील वर्षी प्रवेशाचा अर्ज भरताना मी त्या रकान्यात 'बौद्ध' असेच लिहीन. परंतु लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबेन, आणि हातातले कडे विकणारी माझी पणजी मला आठवेल.

वाचक मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती की, आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या धर्माचे कारण एकदा विचारावे. धर्म सोडला असेल तर का सोडला, आणि सांभाळला असेल तर का सांभाळला. आमची आजी आता थकली आहे. मी विचारले नसते तर पाण्यासाठी उभे राहिलेल्या त्या माणसाची दुपार तिच्याबरोबरच गेली असती.