अर्भकांसाठी प्रोबायोटिक पूरके : वापर व साठवण

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालील खामगाव, शेगाव, मलकापूर परिसरात उन्हाळ्यात पारा 40 अंश सेल्सिअसच्या वर जातो. प्रोबायोटिक पूरकातील उपकारक जिवाणू सजीव असतात. अशा उष्णतेत ते नष्ट होऊन औषध निरुपयोगी ठरू शकते. म्हणून वेष्टनावरील मुदत व तापमानाची सूचना पाळून पुडी कोरड्या, थंड जागी ठेवावी. चुलीजवळ वा पत्र्याखाली ठेवू नये.

डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, सांगितलेली मात्रा पिळून काढलेल्या आईच्या दुधात कालवून लगेच पाजावी; गरम दूध वर्ज्य मानावे. अपुऱ्या दिवसांच्या बालकास ती परस्पर देणे धोक्याचे आहे. अतिसारात जलसंजीवनी व झिंकची जागा हे पूरक घेऊ शकत नाही. तसेच पहिले 6 महिने निव्वळ स्तनपानाला पर्याय नाही, हे ग्रामसभांतून मातांना आवर्जून सांगितले पाहिजे.