नीळकंठ झालेले आराता

मुलांनो, वाशीमहून पुण्यास शिकावयास गेलेल्या मुलाचे गाव काही सुटत नाही. सुटी लागली की तो एस. टी. ने घरी येतो. आराता इझुमी ह्यांना मात्र पुण्याच्या संघातून खेळत असताना देशच बदलण्याचा निर्णय घ्यावा लागला.

त्यांचा जन्म 1982 मध्ये जपानमधील शिमोनोसेकी येथे झाला. आई जपानी, वडील मूळचे गुजराती. 2006 साली ते कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघात आले. पुढे मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये आणि 2009 पासून पुणे एफ. सी. मध्ये खेळले. परंतु भारताच्या संघात केवळ भारतीय नागरिकासच स्थान मिळते, आणि एकाच वेळी दोन देशांचे नागरिकत्व आपला कायदा मानीत नाही. वडिलांचे रक्त येथे पुरेसे नव्हते.

2012 मध्ये, वयाच्या तिशीत, इझुमींनी जपानचे पारपत्र सोडले व नीळकंठ खंभोळजा हे नाव धारण केले. ज्या देशात ते लहानाचे मोठे झाले, तेथे आईला भेटावयास जाण्यासाठीही आता व्हिसा काढणे आले! फुटबॉलपटूची तिशी म्हणजे उतरणीची वाट. शिवाय नागरिकत्व मिळाले म्हणजे संघात निवड होतेच, असेही नाही. मला तर हा निर्णय कोणत्याही गोलापेक्षा धाडसाचा वाटतो.

फेब्रुवारी 2013 मध्ये कोची येथे पॅलेस्टाईनविरुद्ध ते प्रथमच भारताकडून मैदानात उतरले. तो सामना भारताने 2-4 असा गमावला. पुढे नवी मुंबईत ते मुलांना फुटबॉल शिकवू लागले.